२०० लिटरचा सोलर, ७० फूट पाईप आणि आत्तींचा बंब

आज सकाळी अंघोळीच्या पाण्याला परत बंब पेटवला, म्हणून लिहायला बसले. गच्चीवर पाणी तापवायचा बत्तीस हजारांचा सोलर उभा आणि मी परड्यात एका हातात छत्री, एका हातात फुंकणी घेऊन शेणी फुंकतेय. शेजारच्या वहिनी कपडे काढायला बाहेर आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं.

किती लिटरचा घ्यावा, काचेच्या नळ्यांचा की तांब्याच्या पत्र्याचा, हे तुम्ही आधीच वाचलेलं असणार. आमचा काचेचा, २०० लिटर, २० नळ्या, घरात माणसं चार. चौदा महिने वापरून झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. यंत्रावर माझा राग नाहीच, राग पाईपवर आहे. पुढं त्याच्याविषयी बरंच येणार आहे, कंटाळा आला तर आत्ताच सांगते, सोलर चांगला असतो, घ्या.

सुरुवात सोलरनं झाली नव्हती. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं, पुढच्या बाजूला स्लॅब, मागं कौलं, मधल्या भिंती जुन्या पांढऱ्या मातीच्या. मोरीत २००९ सालचा १५ लिटरचा गीझर होता. त्याची टाकी आतून सडली आणि थेंबथेंब पाणी भिंतीत उतरत राहिलं. पांढऱ्या मातीच्या भिंतीत पाणी मुरलं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. बोट लावलं तर गिलाव्याचा पापुद्रा हातात. गीझर बदलायला आलेल्या प्लंबरनं मिस्त्रीला बोलावलं, मिस्त्रीनं भिंतीवर दोन बुक्क्या मारल्या आणि म्हणाला, "वैनी, ही मोरी काय ऱ्हात न्हाई बघा. पाडूनच करूया."

अंदाज दिला एका लग्नपत्रिकेच्या मागं, १,३५,००० रुपये, सगळं उक्तं. मी पतसंस्थेत हिशेब बघते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदं तपासली आणि स्वतःच्या मोरीचं काम लग्नपत्रिकेवर दिलं. शेवटचा आकडा २,१४,००० झाला. उक्त्यात काय धरलेलं नाही, ते काम सुरू झाल्यावर रोज एकेक करून कळत गेलं. बोळात ट्रॉली येत नाही, तेव्हा राडारोडा घमेल्यानं बाहेर काढायची मजुरी वेगळी. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा थर, तो वेगळा. गीझरऐवजी सोलर घ्यायचं ठरलं होतं, आणि सोलरच्या टाकीपेक्षा पाण्याची टाकी उंच लागते, म्हणून गच्चीवर कट्टा बांधला, तोही वेगळा. हा कट्टा मात्र कुणी तुम्हाला आधी सांगणार नाही. सोलरवाला म्हणतो ते मिस्त्रीचं काम, मिस्त्री म्हणतो ते सोलरवाल्याचं. माझे त्यात साडेअकरा हजार गेले.

काम पाडव्याला सुरू केलं, मुहूर्त म्हणून. पाडव्यानंतर पंधरा दिवसांत, चैत्र पौर्णिमेला, जोतिबाची यात्रा असते, हे कोल्हापुरात जन्मून मी विसरले. माणसं जोतिबाला गेली ती चार दिवसांनी कानामागं गुलाल घेऊन उगवली. मग अमावस्या, गवंडी कामावर नाहीत. अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्ही परड्यात साड्यांचा आडोसा करून अंघोळी केल्या, आणि त्या सगळ्या आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बंबावर.

बंबाविषयी थोडं लिहायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण शेवटी तिथंच येतं. आत्तींच्या लग्नातला, तांब्याचा. मधे नळी, खाली जाळी, तिच्याखाली राख. वरच्या नरसाळ्यातून गार पाण्याचा तांब्या ओतला की ते पाणी तळाशी जातं आणि तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडतं. गार खाली, ऊन वर. गच्चीवरच्या सोलरचंही तत्त्व हेच. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली नळीत उतरतं, पंप लागत नाही. सोलरवाला हे कागदावर बाण काढून समजावत होता तेव्हा आत्ती म्हणाल्या, "आमच्या बंबात बाण न्हवता, एवढाच फरक."

तर मेच्या मध्याला सोलर सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात मी ओळखीच्या चौघींना फोन करून सांगितलं की डोळे झाकून घ्या. पाणी इतकं तापायचं की तोटीवर हात धरवत नव्हता. म्हणजे कोल्हापूर तापलेलं असताना, गार पाण्यानं अंघोळ करावी अशा दिवसांत, आमच्याकडं २०० लिटर उकळतं पाणी. मग जून आला.

जुलैत सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. मी गच्चीकडं बघत होते. ढगाळ दिवशी पाणी कोमट होतं, सलग तीन दिवस झड लागली की तेही नाही. हे सोलरवाल्यानं लपवलं नव्हतं. टाकीत विजेची कॉइल बसवून घ्या म्हणाला होता. मी हिशेब केला, २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं म्हणजे जवळपास ७ युनिट आणि २ किलोवॅटच्या कॉइलला साडेतीन तास. दोन बादल्यांसाठी अख्खी टाकी कोण तापवणार? नको म्हटलं. तो हिशेब मला अजूनही बरोबर वाटतो. दुसरा एक हिशेब चुकला, तो सांगतेच.

पावसाळा संपला आणि ऑक्टोबरपासून सोलर परत लाडका झाला. थंडीतसुद्धा कडक पाणी. वीजबिल आधी १६०-१६५ युनिट यायचं, ते ९६, ९३, ९८ असं यायला लागलं. १०० युनिटच्या पुढं दर चढतो, त्यामुळं हे तीन आकडे मी बिलावर लाल पेनानं गोल करून ठेवलेत. इथवर कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता पाईप.

आमच्या दक्षिणेला तीन मजली बिल्डिंग झालीय, तिची सावली मागच्या बाजूला पडते. म्हणून सोलर पुढच्या स्लॅबवर आणि मोरी मागं परड्याला लागून. मधे पाईप. तो गच्चीवरून उतरून बोळाच्या भिंतीनं अख्ख्या घराला वळसा घालून येतो. मी टेपनं मोजला, ७० फूट. सकाळी सहाला तोटी सोडली की आधी रात्रभर पाईपात निवलेलं पाणी येतं. गार, गार, गार, कोमट, परत गार, मग एकदम कढत. पहिले सहा महिने ते मोरीतच वाहून जात होतं. एक दिवस मी बादली लावली. १३ लिटर.

काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटर पाईपातून शहरात येतं आणि माझ्या शेवटच्या ७० फुटांत गटारात जातं. हे मला सहनच होईना.

मग वही घेतली. पाईप एक इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लॅस्टिक, आतला व्यास साधारण २३ मिलिमीटर. फुटाला १३० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे चहाचा एक कप. सत्तर फूट म्हणजे ७० कप, नऊ लिटर. वरचे चार लिटर पाईप तापेपर्यंत जातात. बरं, अंघोळ झाली की नऊ लिटर ऊन पाणी पाईपात उरतं आणि निवतं. आमचे हे सहाला, मुलगा साडेआठला, आत्ती दहाला. तीन वेळा नऊ, रोज २७ लिटर तापवलेलं पाणी बोळाच्या भिंतीला शेक द्यायला. पाऊण इंची पाईप असता तर पाचसाडेपाच लिटरवर भागलं असतं.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "एक इंचीच लागतोय वैनी, प्रेशर भारी येतंय न्हाई का." मी म्हटलं, मुलगा सोडला तर आम्ही सगळे बादलीनं अंघोळ करतो, बादलीला कसलं प्रेशर? यावर त्याला रेंज नव्हती.

उपाय झाले. पाईपवर काळा फोम चढवला, ९०० रुपये. त्यानं तासभर ऊब टिकते, रात्रभर कशी टिकेल? आणि गच्चीवरचा अर्धा फोम कावळ्यांनी घरट्याला नेला. मग अंघोळी लागोपाठ करायचा नियम काढला, म्हणजे गार पाणी एकदाच जाईल. तो दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी हे रंकाळ्यावरून फिरून आले तर मोरीच्या दारात आत्ती, त्यांच्या मागं टॉवेल घेतलेला मुलगा, एस्टी स्टँडवरच्यासारखी रांग. आत्ती म्हणाल्या, "आंगुळीला नंबर लावायचा आता?" नियम गेला. सध्या गार पाण्याची बादली वेगळी भरते आणि धुण्याला वापरते. वाया जात नाही, पण रोज बादली उचलायची कंबर माझी.

जानेवारीत एक नळी गेली, तेही लिहिते, कारण वॉरंटीवाल्यांना उपयोग होईल. फुटली नव्हती, पण तिच्या खालच्या टोकाचा चंदेरी भाग दुधासारखा पांढरा झाला. नळीच्या दोन काचांमधल्या पोकळीत हवा शिरली की तो पांढरा पडतो, आणि पोकळीत हवा आली म्हणजे ती नळी गरम पाणी धरून ठेवत नाही. विक्रेता फोनवर म्हणाला काच वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, फुटलेली काच येत नाही, असं तुमच्या कार्डावर लिहिलंय, ही फुटलेली नाही, वाचून दाखवू का? तीन आठवडे, सहा फोन, एकदा दुकानात जाऊन खुर्चीत बसून राहिले. नळी मिळाली. बसवायचे साडेतीनशे मात्र घेतलेच. गच्चीवर गेलात की नळ्यांची टोकं बघत जा, एवढंच.

तर या पावसाळ्यापर्यंत माझं ठाम मत होतं की सगळा दोष प्लंबरचा. मध्ये पाईप पाऊण इंची करायचाही ठरवलं होतं. दुसऱ्या एका प्लंबरला बोळ दाखवला. तो म्हणाला, तुमची टाकी फार उंच नाही, एवढ्या लांबून पाऊण इंचीनं धार बारीक येईल, मुलगा शॉवर घेतो तो ओरडेल. म्हणजे पहिला अगदीच खोटं बोलत नव्हता. मग यानं मोरीत चौफेर बघितलं आणि विचारलं, "हितं गीझर का न्हाई ठेवला? दहा लिटरचा बारका. सोलरचं पाणी त्याच्यातनं घ्यायचं. पाईपातलं गार पाणी आधी गीझरात जातंय, गीझरातलं ऊन पाणी तुमच्या बादलीत येतंय. बाहेर ऊन पडलं असलं की बटण बंद, पाऊस असला की चालू."

मी गप्प बसले. कारण काम चालू असताना वायरमननं हेच विचारलं होतं. "वैनी, गीझरचा पॉइंट कुठं घेऊ?" भिंतीत वायरची नळी टाकून झाली होती, बॉक्स बसवला होता, फक्त जाड वायर ओढून स्विच लावायचा होता. १,८०० रुपये म्हणाला. मी म्हटलं, आता सोलर आलाय, कशाला पाहिजे, बुजवून टाका. अंदाज तोवर ऐंशी हजारांनी फुगला होता आणि मला कुठंतरी हात आखडता घ्यायचा होता. तो मी इथं घेतला. त्यानं बॉक्सवर सिमेंटचा हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टाइल बसली. कॉइल नको म्हणण्याचा हिशेब बरोबर होता, हा चुकला. १० लिटर पाण्याला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही.

एक काम नकळत बरं केलं होतं. टाइल्स बसायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला होता, मिस्त्रीनं किती झिऱ्या, म्हणजे भिंतीतल्या खाचा, मारल्या ते मोजायला. त्याच्या बिलात घोळ असणार अशी माझी खात्री होती. घोळ निघाला नाही, पण फोटोत बॉक्स दिसतोय, जमिनीपासून सहा फूट दोन इंच, कोपऱ्यापासून चौदा इंच. म्हणजे एकच टाइल काढायची. माळ्यावर दोन शिल्लक आहेत, तीही काम संपल्यावर परत करून पैसे घ्यायचे राहून गेले म्हणून.

सोलरला चार तारे. एक मी कापलाय, त्यातला अर्धा माझा स्वतःचा आहे.

वायरमन रविवारी येतो म्हणालाय. आता त्याच पॉइंटचे २,६०० सांगतोय. मी २,२०० म्हटलंय. पाऊस चालूच आहे, आत्तींनी करवंट्यांचं पोतं आत ओढून ठेवलंय आणि बंबाच्या तोटीला नवा वायसर आणायला सांगितलाय, रविवारवर त्यांचा भरवसा दिसत नाही.