थेंब तुटतानाचा दाब: नळीतला सेन्सर की चिपमधला पडदा?

मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, म्हणजे केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या चिपमध्ये, दोन वाहिन्या T आकारात मिळतात ते टी-जंक्शन; तिथे तेलात थेंब तयार होतात. तयार होणारा थेंब वाट अडवतो, मागे तेलाचा दाब चढतो, थेंबाला मागच्या द्रवाशी जोडणारी बारीक मान तुटली की उतरतो. पृष्ठताण ५ मिलिन्यूटन प्रति मीटर, त्रिज्या ५० मायक्रोमीटर धरली तर लाप्लास दाब (वक्र पृष्ठभागामुळे थेंबाच्या आत असणारा जास्तीचा दाब) २०० पास्कल, म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटर पाणी!

नळीला जोडायचा सेन्सर स्वस्त, लगेच बसतो. पण मऊ नळी फुगते, भरभर थेंब पडू लागले की शिखरं सपाट होतात. राईएवढा बुडबुडा अडकला तर विचारूच नका. माझ्या आलेखातली एक देखणी लाट शेवटी सिरिंज पंपाच्या मोटरची निघाली.

पीडीएमएसचा (मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबराचा) पातळ पडदा जंक्शनपाशीच फुगतो, कॅमेऱ्यात दिसतो. मात्र प्रत्येक चिपचं कॅलिब्रेशन वेगळं, वेगवान कॅमेरा महाग.

गळती, सरासरी दाब बघायचा तर सेन्सर पुरे. एकेका थेंबाची मान तुटताना पकडायची तर पडदाच.