साडेबारा वर्षांनंतर: टिश्यू कल्चर सागाच्या रोपांबद्दल

सागाच्या रोपांबद्दलचे अनुभव बहुतेक जण लागवडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी लिहितात. पुरुषभर उंच झालेल्या झाडाशेजारी उभं राहून काढलेला फोटो असतो, आणि खाली पाच तारे. पण साग आपण लाकडासाठी लावतो, आणि आतलं लाकूड झाड कापल्याशिवाय दिसत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या वावरात पहिली मोठी विरळणी (दाटीतली काही झाडं कापणं) झाली, म्हणून मी आज लिहिते आहे.

वावर चंद्रपूर जिल्ह्यात. जुलै २०१२ मध्ये एका खासगी रोपवाटिकेकडून टिश्यू कल्चरची, म्हणजे निवडलेल्या झाडाच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली १०० रोपं घेतली, नगाला ४५ रुपये, गाडीभाडं वेगळं. बाबा सुतार. नव्वदच्या दशकात एका सागलागवड योजनेत त्यांचे पैसे बुडाले होते, त्यामुळे सागाची जाहिरात दिसली की ते ताटावरून उठायचे. शेवटी म्हणाले, "घेतेस तर घे, पण बरोबरीनं जंगलच्या बियाचे स्टंपही लाव. मग बोलू." स्टंप म्हणजे बियापासून वाढवून शेंडा आणि मुळं छाटलेलं रोप, ते ४ रुपयांना एक मिळालं. तेही १०० घेतले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक ओळ रोपांची, एक ओळ स्टंपांची, अशा दहा ओळी लावल्या आणि प्रत्येक झाडाला नंबर दिला. पुढचं सगळं त्या वहीतून.

जगली किती? रोपं ८८, स्टंप ७४. मेलेली बहुतेक नाल्याकडच्या खोलगट काळ्या जमिनीत, जिथं पावसाळ्यात पाणी तुंबतं. तिथं ४५ रुपयांचं रोप आणि ४ रुपयांचा स्टंप सारखेच गेले. सागाला पाय ओले चालत नाहीत, आणि जमिनीची चूक कुठलीही निवडक जात भरून काढत नाही.

छातीच्या उंचीवर घेर मोजला. रोपांचा सरासरी ६२ सेंटिमीटर, स्टंपांचा ५४. खोडाचा सरळपणा तर धुऱ्यावर उभं राहिलं तरी कळतो, रोपांच्या ओळी दोरी लावल्यासारख्या. एवढ्यापुरती जाहिरात खरी होती.

आता लाकूड. दोन्ही प्रकारची दहा-दहा झाडं निवडून बुंध्याच्या चकत्या काढल्या. बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीला लगेच बळी पडतं, बाबा ते चौकटीत कधी जाऊ देत नसत. सागाचं नाव आहे ते आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्यामुळे. त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, वाळवी त्यांना टाळते. मोजल्यावर गाभा रोपांत चकतीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्के निघाला, स्टंपांत २४. म्हणजे घेर वाढला तसा गाभाही वाढला, पण त्याचा वाटा तेवढाच राहिला. गाभा बराचसा वयानं भरतो. "बारा वर्षांत पक्कं सागवान" असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे कापलेली चकती मागा.

घनतेनं मात्र मला चकित केलं. ओल्या तुकड्याचं आकारमान पाण्यात बुडवून काढलं, मग शाळेच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं. दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखी, घन सेंटिमीटरला ०.५२ ग्रॅमच्या आसपास. पण स्टंपांची झाडं ०.४६ पासून ०.५८ पर्यंत पसरलेली, आणि रोपांची सगळी ०.५१ ते ०.५४ मध्ये. बियाचं प्रत्येक झाड वेगळ्या आईबापाचं, रोपं सगळी एकाच झाडाच्या प्रती. आरामशीनवाल्याला एकसारखा माल हवा असतो, तो इथं मिळतो.

हाच एकसारखेपणा पुढे आम्हाला महागात पडला. सागाचा तुरा थेट शेंड्यावर येतो. फुलोरा आला की शेंडा तिथंच संपतो, बाजूचे दोन डोळे जोर धरतात आणि खोड दुभंगतं. झाड किती उशिरा फुलतं यावर सरळ सोट किती लांब मिळेल हे ठरतं, आणि फुलण्याचं वय बऱ्याच अंशी वंशात असतं. आमची रोपं सातव्या वर्षी फुलली, एक-दोन नाही, जवळजवळ सगळी. साधारण पाच मीटरवर बेचकं. दाराच्या सात फुटी उभ्या त्यातून दोनच निघतात.

२०१२ मध्ये मी विचारलं होतं, मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं केली ती झाडं, किती आणि कुठली. उत्तर आलं, "निवडक." बेचकी दिसल्यावर पुन्हा फोन केला, तेव्हा कळलं की मातृवृक्ष एकच, आणि निवड घेर पाहून केलेली.

राग तंत्रावर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शंभर वर्षांच्या सागापासून टिश्यू कल्चरनं रोपं तयार केली, त्याचं संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. पण ऊती वाढवणं म्हणजे फक्त नक्कल. नक्कल कुठल्या झाडाची करायची ते ठरवणं वृक्षसुधारणेचं काम. कोइमतूरला त्यासाठी वन आनुवंशिकी आणि वृक्षप्रजननाची स्वतंत्र संस्थाच आहे. जंगलातून सरळ, उंच सोटाचे 'प्लस ट्री' हेरायचे, त्यांच्या कलमांची तुलना वेगवेगळ्या जमिनींत करायची, घनता आणि गाभा मोजायचा, मगच वाटायचं. यातल्या मधल्या पायऱ्या गाळल्या की शेतकऱ्याचं वावरच चाचणीची जागा होतं, आणि तेही त्याच्या पैशानं.

माझ्याकडून पाचपैकी तीन. पुन्हा घेईन, पण आठ-दहा मातृवृक्षांची मिश्र रोपं असतील आणि ते किती वर्षांनी फुलले हे लेखी मिळत असेल तरच. सगळी एकाच झाडाच्या प्रती असली की रोगकिडीचाही धोका सगळ्यांना एकदमच.

स्टंपांच्या ओळीत ८३ नंबरचं एक झाड आहे. घेर ६४, अजून एकदाही फुललेलं नाही, आठ मीटरपर्यंत सोट सरळ. विरळणीच्या दिवशी बाबा काठी टेकत तिथपर्यंत गेले, खोडावर हात फिरवला आणि मजुरांना म्हणाले, "याला कुऱ्हाड लावू नका." मी त्याच्याभोवती पिवळा पट्टा रंगवला. येत्या पावसाळ्यात त्याच्या डोळ्यांची कलमं बांधायची आहेत.