३०६० की ४०६०: बारा जीबी, आठ जीबी आणि टेबलाखालचा यूपीएस

एनव्हिडियाची ही दोन्ही ग्राफिक्स कार्डं माझ्या एकाच कॅबिनेटमध्ये चाललेली आहेत. आरटीएक्स ३०६० दोन वर्षं, ४०६० आता वर्षभर होत आलं. एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम पडतात त्याच्या तक्त्यांचा पाऊस यूट्यूबवर पडतोच आहे, त्यात माझी एक सर कशाला? वापरताना जे हाताला आणि कानाला लागलं, तेवढंच सांगतो.

माझं काम लग्न-मुंजींचे व्हिडिओ एडिट करायचं. रात्री जमलं तर गेम. मॉनिटर १०८०पी, प्रोसेसर रायझन ५ ३६००, मदरबोर्ड बी४५०. 'बाकी मशीन ठीक आहे, फक्त कार्ड बदलू' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे साधारण असाच संच असतो.

कागदावर पाहिलं तर ४०६० घेणारा फसला असंच वाटतं. २०२१ च्या कार्डात (३०६०) १२ जीबी मेमरी, २०२३ च्या कार्डात (४०६०) ८. बस, म्हणजे त्या मेमरीकडे जाणारा रस्ता, १९२ बिटवरून १२८ वर, कोअर ३५८४ वरून ३०७२ वर. नंबर वाढला आणि पानातलं वाढप कमी झालं. भरपाई वेगळीकडे केली आहे: क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, बराच वर नेलाय आणि एल२ कॅश, म्हणजे चिपच्या आतलीच छोटी चपळ मेमरी, ३ एमबीची २४ एमबी झाली आहे. मसाल्याचा डबा ओट्यावरच असला की दर फोडणीला फडताळापर्यंत जावं लागत नाही, तसं. १०८०पीला गेम खेळताना ४०६० पुढे आहे हे मला जाणवतं. पण केवळ तेवढ्यासाठी ३०६० काढून टाकावं, इतकं नाही.

एनव्हिडियाचं स्वतःचं फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने आपली एक घालणं, ३०६० वर नाही. ४०६० वर सायबरपंक गेममध्ये चालू केलं की चित्र लोण्यासारखं सरकतं, पण माउसला किंचित जडपणा येतो. शिवाय ते स्वतःही व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) खातं, आणि आधीच ताटात आठ. एव्ही१ या नव्या, कमी जागेत मावणाऱ्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ एन्कोड करायची सोयही ४०६० वरच आहे. यूट्यूबवाल्यांना त्याचं मोल असेल. माझ्या गिऱ्हाइकाची अट एकच, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की चालला पाहिजे.

आता १२ जीबीची बाजू, कारण ती खरी आहे. ४के क्लिपवर नॉइज रिडक्शनचे, म्हणजे चित्रातले दाणे पुसायचे दोन थर टाकले की ४०६० वर मेमरी संपल्याचा निरोप येतो. ३०६० वर मला तो कधी दिसला नाही. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांचं तर विचारूच नका. १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांवर दाबलं तरी ८ जीबीच्या आसपास जातं, म्हणजे ४०६० चा उंबरठा अडतोच. त्यात ४०६० ला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत आणि बी४५० बोर्ड जुन्या ३.० वेगाचा. मेमरी उतू जाऊन सिस्टीम रॅमकडे धाव घ्यायची वेळ आली की रस्ता तिथेही अरुंद. इतकं लिहिल्यावर मी ३०६० कडे झुकलोय असं वाटेल. दोन वर्षं झुकलेलाच होतो.

आम्ही पुण्यात, धायरीत राहतो. गुरुवारी लाइट जाते तिचं काही नाही, ती सांगून जाते. त्रास अर्धा सेकंद डोळा मारून जाणारीचा. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस आहे, बहुतेकांकडे असतो तोच. वळवाचे दिवस होते. एका मुंजीचा तीन तासांचा व्हिडिओ रेंडरला लावलेला, ८७ टक्के झालेले. गडगडलं, ट्यूब लपलपली, यूपीएसमध्ये 'टक्' झालं आणि पाठोपाठ ती एकसुरी, न थांबणारी शिट्टी. कॅबिनेटचे पंखे मंदावत मंदावत थांबले. तोवर लाइट परत आलीही होती. छताचा पंखा मजेत फिरत होता, मेलं होतं ते फक्त मशीन. आई उठून दारात आली, "अरे, ते केकाटणं बंद कर आधी!"

मला वाटलं बॅटरी गेली. नवी टाकली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच, या वेळी ६० टक्क्यांवर. मग वही काढली. कार्ड (तेव्हा ३०६०) १७० वॉट, प्रोसेसर पूर्ण भारात ८८, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून धरा ४५. झाले ३०३. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ८५ टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ३५६, वर मॉनिटरचे २५, एकूण ३८१. आणि माझ्या यूपीएसच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय ३६० वॉट. लाइटवर चालताना काही कळत नाही, बॅटरीवर यायचा क्षण आला की तो हात टेकतो.

४०६० चे ११५ वॉट. तोच हिशेब ३१७ वर थांबतो. मित्राचं कार्ड आठ दिवसांसाठी आणलं, रेंडर लावला आणि श्वास रोखून भिंतीवरचं बटण बंद केलं. टक्. मग सावकाश, अंतराअंतराने बीप. मशीन चालू. बटण चालू, बटण बंद, लहान पोरासारखं पाच वेळा केलं. सहाव्यांदा आईने पाहिलं.

मोठा यूपीएस घे की, असं तुम्ही म्हणाल. मेहुणाही हेच म्हणाला, आणि चूक नाही त्याचं. १ केव्हीएचा आणला की हा प्रश्न मिटतो. पण त्यात बहुधा दोन बॅटऱ्या, दर दोन-तीन वर्षांनी दोन्ही बदलायच्या, आणि ते धूड ठेवायचं कुठे? वीजबिलाचा मुद्दा मी करणार नाही. रोजचे चार तास धरले तर महिन्याला सात-आठ युनिट वाचतात, म्हणजे एका मिसळीचा विषय. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत ५५ वॉट कमी तापतं, हे मात्र पायांना कळतं. ४के फुटेजचं म्हणाल तर मी आता नॉइज रिडक्शन आधी वेगळं रेंडर करून घेतो. कटकट आहे, पण ती माझ्या हातातली.

तुमच्याकडे चांगला इन्व्हर्टर असेल, किंवा एआयचे प्रयोग करायचे असतील, तर ३०६० ला नावं ठेवायला मी येणार नाही. फक्त घेताना खोक्यावर १२ जीबी वाचा. त्याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, त्याची बसही १२८ बिटचीच, म्हणजे दोन्हीकडून तोटा. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मला एकाने तेच 'सेम आहे साहेब' म्हणून दाखवलं होतं. सेकंडहँड असेल तर क्रिप्टो मायनिंगला (रात्रंदिवस आभासी नाणी काढायला) जुंपलेलं होतं का ते विचारा, आणि उत्तरापेक्षा पंख्यांच्या आवाजावर विश्वास ठेवा.

माझं ३०६० भाच्याकडे गेलं. "मामा, बारा सोडून आठ घेतलेस?" म्हणून त्याने मला खुळ्यात काढलं आणि कार्ड मात्र पटकन सॅकमध्ये टाकलं. त्यांच्या सोसायटीला जनरेटर आहे.