पहिली इलेक्ट्रिक गिटार घडवताय? पॉप्लर की सागवान

नाशिकच्या वखारीत सागवान मागा, लगेच फळ्या दाखवतील. पॉप्लर म्हटलं की मात्र बोट प्लायवूडकडे जातं, आणि त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडचा पॉप्लर यमुनानगरच्या बाजूला शेतांच्या बांधावर वाढतो आणि बराचसा सोलून प्लायसाठीच जातो. गिटारवाल्यांचा पॉप्लर बहुतेकदा अमेरिकेतलं ट्युलिपवूड असतं. ते झाड सोनचाफ्याच्या कुळातलं, खऱ्या पॉप्लरशी त्याचं नातं नाही. म्हणून मागताना ‘भट्टीत वाळवलेलं ट्युलिपवूड’ असंच मागा.

पहिला फरक खांद्याला कळतो. पॉप्लरचं वजन घनमीटरला साधारण 450 किलो, सागवानाचं 650च्या आसपास. स्ट्रॅटोकास्टरच्या (फेंडर कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) आकाराची 45 मिलिमीटर जाडीची बॉडी पॉप्लरमध्ये दोन किलोच्या आत बसते, सागवानात तीच पावणेतीन किलोकडे जाते. तासभर उभं राहून वाजवणाऱ्याला हा पाऊण किलो फार जाणवतो.

हत्यारांना पॉप्लर सोपा. राउटर, म्हणजे लाकडात खाचा कोरणारं यंत्र, सहज फिरतो, पण पातं बोथट असेल तर कडेला मऊ लव उठते आणि ती घासूनही लवकर जात नाही. नवं पातं लावा, खोली थोडी-थोडी करत न्या. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार खाते. त्यात तेलही असतं, त्यामुळे दोन तुकडे जोडताना सांध्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवून लगेच चिकटवा. त्याची धूळ कातडीला खाजते. मास्क न लावता घासू नका.

रंगाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पॉप्लरवर हिरवट, कधी जांभळट पट्टे असतात, ते उजेडात हळूहळू तपकिरी होतात. पारदर्शक पॉलिशखाली ते मला कधीच आवडले नाहीत. अपारदर्शक रंगाखाली मात्र इतकी गुळगुळीत बॉडी दुसरं लाकूड क्वचितच देतं. फक्त आडव्या कापाच्या कडा सीलर (रंगाआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) फार पितात, तिथे दोन हात जास्त द्या. रेषा दिसायलाच हव्या असतील तर सागवान घ्या आणि वजन सोसा.

पॉप्लर मऊ आहे, नखानेही खूण उमटते. ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि पट्ट्याच्या खुंटीचे स्क्रू वारंवार काढलेत तर भोकं सैल पडतात. आधी बारीक भोक पाडा. मान जोडायला पितळी आट्याची नळी बसवलेली उत्तम. मान मात्र पॉप्लरची करू नका, तारांच्या ताणाला ती वाकेल. तिथे मेपलच हवं.

आवाजाचं म्हणाल तर पिकअप (तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग), तारा आणि ब्रिज यांच्यापुढे हा फरक मला नगण्य वाटतो. स्क्वायरच्या (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी मालिकेतल्या गिटारी पॉप्लरच्याच असतात आणि छान वाजतात.

फळी मार्च-एप्रिलमध्ये घ्या, घरात महिनाभर आडव्या पट्ट्यांवर ठेवा आणि पावसाआधी सीलर मारून टाका. उघडी राहिली तर श्रावणापर्यंत ओल पिऊन वाकते.