सर्डेसोबत एक काजू हंगाम: आलं काय आणि हवं होतं काय

फेब्रुवारीत, काजूचा हंगाम तोंडावर असताना, आमच्या हिशेबाच्या प्रोग्राममधला डेटा वाचणारा भाग मी जावास्क्रिप्टमधून काढून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. आता चवथ होऊन गेली. म्हणजे सात-आठ महिने सर्डे ही रस्टची, डेटा वाचायची-लिहायची लायब्ररी रोजच्या वापरात आहे, आणि तिचं कौतुक आणि तिच्यावरचा राग या दोन्ही गोष्टी पुरेशा साठल्या आहेत.

काम साधं आहे. मी फोंड्यात बसतो. एक संस्था पेडणे, डिचोली आणि सत्तरीतल्या केंद्रांवर काजूबिया विकत घेते. काट्यावरचा माणूस फोनवर नोंद करतो: नाव, गाव, वजन, दर, उचल. संध्याकाळी प्रत्येक केंद्राची एक जेसन फाइल (रकान्याचं नाव आणि किंमत अशा जोड्यांची मजकूर फाइल) माझ्याकडे येते. फोनमधलं अ‍ॅप दुसऱ्याने केलेलं आहे, त्याला हात लावायची मला मुभा नाही. ते वजन कधी आकडा म्हणून पाठवतं, कधी अवतरणचिन्हांत अक्षरं म्हणून, तर कधी नुसतं नल, म्हणजे काहीच नाही.

जुना प्रोग्राम काहीही गिळायचा. गेल्या हंगामात कोणीतरी उचलीच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन ‘1,250’ लिहिलं. जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोट या फंक्शनने स्वल्पविरामापर्यंतच वाचलं आणि उचल झाली एक रुपया. त्या शेतकऱ्याने तक्रार केली नाही, कशाला करेल? वर्षअखेरीला ताळा लागेना तेव्हा आम्ही दोन रात्री जागलो. रिकामा रकाना नंबर फंक्शनमधून गेला की शून्य व्हायचा, ते वेगळंच.

सर्डे हे दारातच अडवते, आणि अडवताना कारण सांगते. ‘इनव्हॅलिड टाइप: स्ट्रिंग "1,250", एक्स्पेक्टेड यू३२’. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा मजकूर, यू३२ म्हणजे उणे नसलेला पूर्णांक. एवढ्या एका ओळीत दोन गोष्टी आहेत: काय आलं आणि काय हवं होतं. पहिला भाग ‘अनएक्स्पेक्टेड’ नावाच्या एनममधून, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या टाइपमधून, येतो. आलेली वस्तू कोणत्या जातीची, पूर्णांक की अपूर्णांक, स्ट्रिंग, यादी, मॅप की काहीच नाही, हे तो सांगतो, आणि आकडा किंवा स्ट्रिंग असेल तर ती किंमतही दाखवतो. दुसरा भाग व्हिजिटरच्या, म्हणजे आलेली किंमत स्वीकारणाऱ्या कोडच्या, ‘एक्स्पेक्टिंग’ या मेथडमधून येतो.

‘इनव्हॅलिड टाइप’ आणि ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ यांतला फरक मला एप्रिलपर्यंत नीट कळला नव्हता. यू३२ च्या जागी १२.५ आलं तर जातच चुकली, म्हणून टाइप. उणे ५० आलं तर जात पूर्णांकाचीच, पण यू३२ मध्ये उणे बसत नाही, म्हणून व्हॅल्यू. मोबाइल नंबरचा रकाना मी आधी यू३२ ठेवला होता. त्याची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५, आणि आपले नंबर सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडी. झाडून सगळ्या नोंदींवर ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’. मुळात मोबाइल नंबर हा आकडा नाहीच, तो मजकूर आहे. ही चूक माझी, लायब्ररीची नाही.

खरी गंमत वजनात. आकडाही चालावा आणि अक्षरंही चालावीत म्हणून मी आळशीपणाने अनटॅग्ड एनम केला, म्हणजे एकेक पर्याय (व्हेरिअंट) जुळवून बघणारा. चाललं, पण चूक झाली की उत्तर एकच: डेटा कुठल्याच व्हेरिअंटशी जुळला नाही. काय आलं होतं ते गायब. मधल्या साठवणीतून वाचत असल्यामुळे जागाही भलतीच दाखवायचा. ज्या गुणासाठी लायब्ररी घेतली तोच मी एका ओळीने मारून टाकला होता. एनमवर स्वतःचा ‘एक्स्पेक्टिंग’ मजकूर लावता येतो, पण त्यानेही आलेली किंमत दिसत नाही.

मग हाताने व्हिजिटर लिहिला. ‘एक्स्पेक्टिंग’मध्ये चक्क मराठी: ‘वजन किलोत, उदा. साडेबारासाठी १२.५’. अपूर्णांकासाठी व्हिजिट एफ६४ लिहिलं, मजकुरासाठी व्हिजिट स्ट्र लिहिलं, आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर साडेबारा किलो पास, पूर्ण बारा किलो नापास! ‘इनव्हॅलिड टाइप: इंटिजर १२, एक्स्पेक्टेड वजन किलोत’. जेसनमध्ये दशांश चिन्ह नसेल तर सर्डे-जेसन (सर्डेच्या जोडीची, जेसन वाचणारी लायब्ररी) पूर्णांकाच्या व्हिजिट यू६४ ला हाक मारते, आणि ती मेथड मी लिहिलीच नव्हती. न लिहिलेली मेथड काम दुसऱ्या मेथडकडे ढकलते, नाहीतर आपोआप ‘इनव्हॅलिड टाइप’ परत करते. व्यवस्था उत्तम आहे, फक्त पहिल्यांदा चावते.

स्ट्रिंगच्या मेथडमध्ये आणखी एक काम निघालं. वाळपईच्या केंद्रावरच्या वहिनींचा फोन मराठीत असतो, त्यामुळे आकडे देवनागरी. मजकुराचा आकडा करणारं रस्टचं पार्स फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. दहा आकडे बदलून घ्यायचे, कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या, मग पार्स, आणि तरीही जमलं नाही तर मूळ स्ट्रिंगसकट ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ परत. मूळ स्ट्रिंगसकट हे महत्त्वाचं. बदललेली दाखवली तर वहिनींना ती आपली वाटतच नाही. जाता जाता: एफ६४ चं पार्स ‘इन्फ’ (अनंत) आणि ‘नॅन’ (आकडा नाही) हे शब्दही आनंदाने स्वीकारतं, तेव्हा मर्यादा वेगळी तपासा.

आता तक्रारी. सर्डे-जेसनच्या टाइपच्या चुकीत रकान्याचं नाव नसतं, फक्त ओळ आणि स्तंभ. अ‍ॅप सगळी फाइल एकाच ओळीत पाठवतं, त्यामुळे ओळ नेहमी १. आणि स्तंभ मोजला जातो बाइटमध्ये. ‘म्हापसा’ डोळ्याला तीन अक्षरं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. गावांची आणि माणसांची नावं देवनागरीत असल्यावर तो स्तंभ एडिटरमध्ये शोधणं म्हणजे पावसात पडलेली बी शोधणं. यावर ‘सर्डे पाथ टू एरर’ हे छोटं क्रेट, म्हणजे रस्टचं पॅकेज, लावलं. ते वाट सांगतं, म्हणजे कितव्या नोंदीतला कोणता रकाना. हे पहिल्या दिवशीच लावायला हवं होतं.

दुसरी तक्रार: पहिली चूक सापडली की काम थांबतं. एका फाइलीत चार चुका असतील तर वहिनींना चार फोन. म्हणून आता आधी सगळी फाइल सैल व्हॅल्यू म्हणून, म्हणजे कुठलीही जात चालेल अशी, वाचतो, मग एकेक नोंद वेगळी उलगडतो आणि चुकांची यादी एकदम पाठवतो. व्हॅल्यूमधून वाचताना ओळ-स्तंभ मिळत नाहीत, पण ते तसेही कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

तिसरी सगळ्यात जास्त बोचते. अनएक्स्पेक्टेडमध्ये इतकी नीट मांडलेली माहिती असते, आणि सर्डे-जेसन ती वाक्यात ओतून टाकते. नंतर चुकीला ‘तुझ्याकडे काय आलं होतं?’ असं विचारता येत नाही. डेटाची चूक, व्याकरणाची चूक की अर्धवट फाइल, एवढा ढोबळ प्रकार तेवढा कळतो. अख्खा संदेश मराठीत करायचा तर स्वतःचा एरर टाइप आणि त्याला वापरणारा डीसिरियलायझर (फाइल उलगडून वाचणारा भाग) हवा. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता, म्हणून मी वाक्यच तोडून भाषांतर करतो. लाज वाटते, पण चालतं.

एक शब्द मात्र सुटला. मे महिन्यात वहिनींचा फोन आला.

‘‘दादा, सातव्या नोंदीत वजन चुकलंय म्हणतो, ते मी बघते. पण हा इंटिजर कोण?’’

तो शब्द त्याच रात्री यादीत घातला. सातव्या नोंदीत वजनाच्या जागी दर पडला होता. तो वहिनींनी फोन ठेवायच्या आधीच दुरुस्त केला होता.

रिकाम्या रकान्याचं कोडं अजून सुटलेलं नाही. ऑप्शन (किंमत असेल किंवा नसेल असा टाइप) लावला तर नल चालतो, रकानाच नसला तरी चालतो, पण रिकामी स्ट्रिंग ही स्ट्रिंगच, ती अडते. उचल घेतलीच नाही की लिहायची राहिली, हे प्रोग्रामने ठरवू नये असं माझं मत, आणि ठरवावं असं संस्थेचं. पुढच्या फेब्रुवारीच्या आत बसून ठरवायचं आहे.