ड्रेगर एलएआर-5: बुडबुडे नाहीत, सेन्सरही नाही

अमेरिकन नौदलाचे लढाऊ पाणबुडे छातीवर बांधतात तो हा श्वास घेण्याचा जर्मन संच; नौदलाच्या कागदोपत्री एमके 25. चालतो शुद्ध ऑक्सिजनवर. सोडलेला श्वास सोडा लाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यातून फिरून पिशवीत परत येतो, त्यामुळे वर एकही बुडबुडा फुटत नाही. बाटली जेमतेम 2 लिटरची, पण 200 बार दाबाला साधारण 400 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दीड लिटर खर्च धरला तर चार तास सहज निघतात. जोरात पाय मारले की हिशेब निम्म्यावर येतो.

संच उत्तम आहे, पण चुकीला माफी नाही. पिशवीत नेमका कोणता वायू आहे, हे सांगणारा सेन्सर यात नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधीचं पर्जिंग, म्हणजे आतली हवा काढून शुद्ध ऑक्सिजन भरणं, नीट व्हायलाच हवं: फुप्फुसं रिकामी करायची, तोटी तोंडात धरायची, तोंडाने ओढून नाकाने सोडत पिशवी चपटी करायची, बायपासचं बटण दाबून ती भरायची, पुन्हा रिकामी करून पुन्हा भरायची. यात आळस केला तर आत नायट्रोजन उरतो. पिशवी पूर्ण चपटी झाल्याशिवाय झडप नवा ऑक्सिजन सोडत नाही, म्हणजे पिशवी फुगलेली आणि ऑक्सिजन मात्र संपत आलेला. कार्बन डायऑक्साइड डब्यात शोषला जात असल्याने धापही लागत नाही. माणूस थेट बेशुद्ध पडतो.

खोलीची मर्यादाही तितकीच कडक, कारण खोल पाण्याच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. नौदलाच्या तक्त्यात 25 फुटांवर 240 मिनिटं मिळतात, 30 वर 80, 40 वर 15 आणि 50 वर फक्त 10. ती ओलांडली तर ओठ फडफडणं, मळमळ, नजर आक्रसणं आणि शेवटी झटके. कधी आधीची लक्षणं न दिसता थेट झटके. सेन्सरची उणीव म्हणूनच माणसांनी भरून काढायची. पाणबुडे जोडीने, एकमेकांना दोरीने बांधून पोहतात: एकाच्या हातात होकायंत्र, खोलीमापक आणि घड्याळाची पाटी, दुसऱ्याचं लक्ष जोडीदारावर. वर सुपरवायझर आणि तयार बसलेला स्टँडबाय डायव्हर.

डबा भरताना हात सैल नको. अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. थोडे घालायचे, बाजूंनी टिचक्या मारून बसू द्यायचे, मग वर भर घालायची. पोकळी राहिली तर श्वास तिथूनच वाट काढतो आणि कार्बन डायऑक्साइड न शोषता परत येतो. डोकं ठणकायला लागलं की समजावं. थंड पाण्यात दाणे लवकर थकतात. डब्यात पाणी शिरलं तर तोंडात क्षारांचा जळजळीत घोट येतो, म्हणून तोटी काढण्याआधी तिची झडप बंद करायची सवय तलावातच लावतात.

देखभाल सोपी: गोड्या पाण्याने धुवा, नळ्या टांगून वाळवा. ग्रीस मात्र ऑक्सिजनला चालणारंच. साधं ग्रीस आणि 200 बारचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागू शकते. हौशी डायव्हिंगसाठी हा संच घेऊ नका. प्रवाळ बघायला 60 फूट जाणाऱ्याच्या तो कामाचाच नाही.