झाकणावर ३०, आत २५ : जुनं बोट इंजिन घेताना झालेली फसवणूक

दारणा धरणावर मासेमारी करणाऱ्या दोघा भावांनी दिवाळीच्या सुमारास जुनं ३० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन घेतलं. इंजिन कोकण किनाऱ्यावरचं, व्यवहार नाशकात, दीड लाख रोख. एप्रिलमध्ये खोललं तेव्हा ते २५ चं निघालं, आणि तेही आतून संपत आलेलं. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. पण ज्या पद्धतीने हे गळ्यात मारलं गेलं ती पद्धत तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण गंगापूर, मुकणे, वैतरणा, कुठल्याही धरणावर बोट चालवणाऱ्याला ती लागू पडते.

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. एक नवं १५ एचपी, बिलासकट, वॉरंटीसकट. दुसरं हे जुनं ३०, जवळपास तेवढ्याच पैशात. विकणाऱ्याने नेमकी इथेच पकड घेतली. “१५ मध्ये बोट उठणारच नाही दादा, नुसती नांगरत जाईल.” हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच खपतं.

खरा अर्धा भाग असा. फायबरची रिकामी बोट १५० किलो, इंजिन ५०, पाच माणसांचे ३५०, इंधन आणि सामान ३०. झाले ५८० किलो. बोट पाण्यावर उचलून सपासप पळायला एका एचपीमागे साधारण २० किलोपर्यंत वजन चालतं. १५ एचपीला ते ३९ किलो पडतं, म्हणजे बोट उचलत नाही. ३० ला १९ पडतं, जेमतेम उचलते.

लपवलेला अर्धा भाग असा की या भावांना पाच माणसं न्यायचीच नव्हती. दोन माणसं, जाळी, बर्फाची पेटी आणि पाण्यातलं तीन किलोमीटर अंतर. १४ फुटी बोट न उचलता ताशी ९ किलोमीटरच्या आसपास चालते. तीन किलोमीटरला वीस मिनिटं. ३० किलोमीटरच्या वेगाने सहा मिनिटं. चौदा मिनिटं वाचवण्यासाठी पेट्रोल किती जाळायचं, हा हिशेब कुणी केलाच नाही. पूर्ण थ्रॉटलला १५ एचपी तासाला सहा लिटरच्या आसपास पितं, ३० त्याच्या दुप्पट. जुनं टू-स्ट्रोक कार्ब्युरेटरचं असेल तर त्याहून थोडं जास्तच. सावकाश चालवलं तर १५ चं काम तासाला दोन-अडीच लिटरमध्ये भागतं.

शिवाय बोट किती एचपी झेपवते हा वेगळाच प्रश्न. अमेरिकेच्या नियमावलीत छोट्या बोटींसाठी एक सूत्र आहे. लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटात घेऊन गुणायची. सपाट बुडाच्या, हाताने दांडा धरून चालवायच्या बोटीला गुणाकाराच्या निम्म्यातून १५ वजा करायचे. यांची बोट १४ गुणिले साडेचार, म्हणजे ६३. निम्मे साडेएकतीस, वजा पंधरा, उरले साडेसोळा. पुढच्या पाचाच्या पटीत नेले तर २०. म्हणजे ३० खरं असतं तरी या बोटीला जास्तच होतं. आपल्याकडे बोटीवर किती एचपी झेपतं ते लिहिलेली पाटी सहसा नसते, म्हणून हा हिशेब कागदावर करूनच दुकानात जावं.

आता ट्रायलकडे. ती ऑक्टोबरमध्ये झाली, धरण तुडुंब भरलेलं. बोटीत फक्त विकणारा, टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल. वजन जेमतेम ३०० किलो. मोबाइलवर ताशी ३२ चा वेग दाखवला आणि सगळे खूश. ३०० किलोला २५ काय, २० एचपीही उचलून नेतं. ट्रायल घ्यायची तर आपलं रोजचं वजन भरून. माणसं नसतील तर पाण्याचे कॅन भरा, २० लिटरचा एक कॅन म्हणजे २० किलो. विकणारा “कशाला एवढं?” म्हणाला तर तिथेच समजून घ्यावं.

दुसरी चलाखी: इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. गरम इंजिन एका दोरीत सुरू होतं, थंड इंजिनाला सहा-सात झटके लागले असते. झाकण उघडून ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर गप्पा मारत तासभर बसा, मग दोरी स्वतः ओढा.

तिसरी चलाखी ओळखायला सगळ्यात अवघड, आणि आम्हाला सगळ्यात चीड आणणारी तीच. बऱ्याच कंपन्या एकाच ब्लॉकवर दोन ताकदीची इंजिनं बनवतात. ९.९ आणि १५ ची जोडी प्रसिद्ध आहे, २५ आणि ३० चीही. फरक असतो कार्ब्युरेटर, रीड व्हॉल्व, एक्झॉस्ट अशा भागांत. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. झाकण एकमेकांना बसतं. स्टिकर तर कुठेही छापून मिळतो. त्यामुळे झाकणावरच्या आकड्याला शून्य किंमत द्यायची. बघायची ती इंजिन बोटीला अडकवण्याच्या ब्रॅकेटवरची छोटी पाटी. तिच्यावर मॉडेल, नंबर आणि बऱ्याचदा ताकद किलोवॉटमध्ये असते: २५ एचपीला १८.४, ३० ला २२.१. या इंजिनाच्या पाटीवर रंगाचा जाड थर होता. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर १८.४ वर आलं. पाटी गायब असेल, तिचे रिव्हेट नवे असतील किंवा रंगाखाली दडवली असेल तर व्यवहार सोडा. ब्रॅकेट बदलता येतो म्हणून ब्लॉकवर नंबर असेल तर तोही जुळवा.

आत काय निघालं? दोन सिलिंडर. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावला तर एकात ११८ पीएसआय (दाबाचं माप), दुसऱ्यात ९२. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केटचं दुखणं. इथे तो बावीस टक्के होता. हा गेज फार महाग नसतो. दोन्ही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा, दोरी पाच-सहा वेळा ओढायची. प्लगच्या वायरी मात्र इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थिंग करून) ठेवा, नाहीतर इग्निशन जळायचं.

थर्मोस्टॅटचं झाकण उघडल्यावर पांढरा खडा निघाला. मीठ. खाडीत चालून गोड्या पाण्याने न धुतलेल्या इंजिनाची ही सही. मागून पाण्याची धार जोरात पडत होती म्हणून कुणी शंका घेतली नव्हती. पण काही मॉडेलांत ती धार पाणी ब्लॉकमधून फिरण्याआधीच बाहेर पडते, त्यामुळे ती फक्त पंप चालू असल्याची खात्री देते, ब्लॉक मोकळा असल्याची नाही. खालच्या गिअरच्या पेटीतलं तेल ट्रायलआधी नवं भरलेलं होतं, अगदी स्वच्छ. तीन आठवड्यांनी ते ताकासारखं पांढरं झालं. सील गेलेलं. म्हणून तेल ट्रायलनंतर तपासावं, अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घेऊन.

आणि लांबी! इंजिन लाँग शाफ्ट, २० इंचाच्या फळीसाठी. बोटीची फळी १५ इंचाची. विकणाऱ्याने सागवानी ठोकळा फळीवर चढवून दिला, वर म्हणाला “पंखा खोल राहिला तर पकड चांगली.” पंख्याच्या वरची सपाट प्लेट बोटीच्या बुडाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी. ठोकळ्याने उंची भरली, पण सगळा जोर फळीच्या वरच्या कडेवर आला. जानेवारीत आवर्तन सुटलं, पाणी उतरलं, पंखा गाळात आदळायला लागला आणि ठोकळ्याखाली फळीला बोटभर लांब भेग पडली. आतलं प्लायवुड भिजून काळं झालेलं होतं. फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघावी. टणक आवाज ठीक, बद्द आवाज आला की आत कुजलंय.

एक गोष्ट मात्र विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. आपण समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहोत, त्यामुळे साधं कार्ब्युरेटर इंजिन इथे पाच-सहा टक्के ताकद गमावतंच. किनाऱ्यावर जोरात पळालेलं इंजिन इथे मंद वाटतं. हे इंजिन पूर्ण भारावर मिनिटाला ४१०० फेऱ्यांवरच अडकत होतं; साधारण ४५०० ते ५५०० हव्यात. १३ पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जितके इंच पुढे सरकेल तो आकडा) काढून ११ चा लावला तेव्हा ४५०० झाल्या. एक इंच पिच म्हणजे दोनशेच्या आसपास फेऱ्या, हे लक्षात ठेवलं तर नव्या इंजिनालाही उपयोगी पडेल.

पावतीवर लिहिलं होतं: “जुने बोट इंजिन, आहे त्या स्थितीत.” ३० हा आकडा कुठेच नाही, नंबरही नाही, रोख दिल्याचा पुरावा नाही. पावतीत एचपी, मॉडेल, नंबर लिहून घ्या, पैसे खात्यातून द्या. पुढे इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ खाली नोंदणी करतानाही इंजिनाचे कागद लागतात, तिथे अशी चिठ्ठी चालत नाही. विकणारा धंदा म्हणून इंजिनं विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू “व्यावसायिक” म्हणून बाद होत नाही, हे मासेमारांनी वकिलाला आवर्जून सांगावं. खोटं भासवून पैसे घेतल्याबद्दल पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली.

या इंजिनाच्या जाहिरातीतला फोटो अजून फिरतोय. झाकणावरच्या तीनला डावीकडे तिरका ओरखडा आहे. इंजिन दारणेवर खोलून पडलंय, फोटो मात्र तोच, किंमत दहा हजारांनी वाढवलेली.